बाहुलीवर पास, बाळापाशी जैसे थे: हायडम रुग्णालयातलं एक प्रकरण

जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरण्याच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर सात महिन्यांनी बाहुलीवर पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा २७ पैकी २० जण पास झाले. प्रशिक्षणाआधी ३९ जणांनी तीच परीक्षा दिली होती, त्यातले ७ पास होते. म्हणजे १८ टक्क्यांवरून थेट ७४ टक्के. कुठल्याही प्रशिक्षण विभागाने हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापला असता, खाली प्रमाणपत्रं हातात घेतलेल्या लोकांचा फोटो टाकला असता आणि फाइल बंद केली असती.

टांझानियाच्या उत्तर भागातल्या हायडम लुथरन रुग्णालयात फाइल बंद झाली नाही. कारण तिथल्या प्रसूती कक्षात कुणीतरी कागद घेऊन उभं होतं, आणि त्या कागदावर वेगळंच काही लिहिलं जात होतं.

वैद्यकीय प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं, या प्रश्नावर बोलताना मी नेहमी याच प्रकरणाकडे येतो. एकच रुग्णालय, एकच अभ्यासक्रम, जवळपास तेच कर्मचारी, आणि दोन वेगवेगळी उत्तरं. असा योग क्वचित जुळतो.

शिकवायचं काय होतं

बाळ जन्मतं आणि रडत नाही. बहुतेक बाळं काही न करता श्वास घेतात. साधारण दहातल्या एकाला थोडी मदत लागते: कोरड्या कापडाने नीट पुसणं, पाठ चोळणं, गरज असेल तर तोंड आणि नाक साफ करणं. तेवढ्यानेही श्वास सुरू झाला नाही, तर तोंडावर मास्क बसवून पिशवीने हवा द्यावी लागते. अशी बाळं शंभरात चार-पाच. छाती दाबणं, औषधं देणं ही वेळ शंभरात एकावरही येत नाही. म्हणजे जीव वाचवणाऱ्या बहुतेक गोष्टी एका सिस्टरच्या दोन हातांनी होण्यासारख्या आहेत. अट एकच, त्या वेळेत व्हायला हव्यात.

यासाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने इतर संस्थांच्या साथीने 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हा अभ्यासक्रम तयार केला आणि २०१० मध्ये तो जगभर खुला केला. जिथे डॉक्टर नाही, ऑक्सिजन नाही, आहे ती फक्त सिस्टर किंवा सुईण, अशा ठिकाणांसाठी. त्यातला कळीचा शब्द 'गोल्डन मिनिट': जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात बाळ एकतर स्वतः श्वास घेत असलं पाहिजे, नाहीतर त्याला मास्कने हवा मिळत असली पाहिजे.

शिकवण्याची पद्धतही साधी आहे. निओनॅटली नावाची फुगवायची बाहुली असते. तिच्यात कोमट पाणी भरलं की वजन दोन किलोच्या आसपास होतं आणि हातात घेतल्यावर ती खऱ्या बाळासारखी लुळी पडते. शिकणारे जोडीने बसतात. एकजण सिस्टर होतो, दुसरा आई होतो आणि बाहुलीचे फुगेही तोच चालवतो. एक फुगा दाबला की छाती हलते, दुसरा दाबला की नाळेत ठोके लागतात. समोरच्याने मास्क नीट बसवला नाही तर आई झालेला तो जोडीदार फुगा दाबतच नाही आणि बाळ 'रडत' नाही. ही बाहुली चालवणं हेही एक शिक्षणच आहे, कारण कुठल्या चुकीला बाळ काय उत्तर देतं हे हातांना कळतं. अभ्यासक्रम म्हणून मला यात फारसं नाव ठेवण्यासारखं काही दिसत नाही.

मोजणारा आधी आला

हायडम हे ग्रामीण भागातलं रुग्णालय. १९५५ पासूनचं, नॉर्वेच्या मिशनने उभारलेलं. वर्षाला पाच हजारांच्या आसपास बाळंतपणं, आणि ती सांभाळणाऱ्या मुख्यतः सिस्टर आणि सुईणी. नॉर्वेतल्या भूलतज्ज्ञ हेगे एर्सडाल आणि टांझानियातले सहकारी यांनी तिथे एक गोष्ट केली, जी बहुतेक ठिकाणी होत नाही. प्रशिक्षण सुरू होण्याच्या काही महिने आधीच त्यांनी प्रसूती कक्षात निरीक्षक नेमले. पाळ्या लावून, दिवसरात्र, प्रत्येक बाळंतपणाला. निरीक्षकाने हात लावायचा नाही, सांगायचं नाही, फक्त नोंदवायचं: बाळाला चोळलं का, सक्शन (तोंड-नाकातला स्राव ओढून काढणं) केलं का, पिशवीने हवा दिली का, दिली तर किती वेळाने, आणि २४ तासांनी बाळाचं काय झालं.

या नोंदींतून प्रशिक्षणाशी थेट संबंध नसलेली एक गोष्टही हाती लागली. हवा देणं सुरू करायला दर ३० सेकंदांचा उशीर झाला की बाळ दगावण्याचा किंवा दीर्घकाळ दाखल राहण्याचा धोका १६ टक्क्यांनी वाढत होता. 'लवकर करा' हे सगळेच सांगतात. इथे 'लवकर' या शब्दाला किंमत मिळाली. पुढे प्रशिक्षणाचं मोल ठरवताना हीच किंमत कामाची ठरते, कारण आता आपल्याला ठाऊक आहे की सिस्टरला सगळं येत असणं पुरेसं नाही, ते अर्ध्या मिनिटाचाही उशीर न करता व्हायला हवं.

प्रशिक्षण झालं एप्रिल २०१० मध्ये, एक दिवसाचं. त्याआधी सप्टेंबर २००९ मध्ये बाहुलीवर परीक्षा घेतलेली होती. नंतरची घेतली नोव्हेंबर २०१० मध्ये. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण दिले. प्रसंग दोन होते: बाळ ठणठणीत असतानाची नेहमीची काळजी, आणि बाळ श्वास घेत नाही तेव्हाचं पुनरुज्जीवन. पहिल्यात पास होणारे ४१ टक्क्यांवरून ७४ टक्के झाले. दुसऱ्यातला आकडा वर दिलाच आहे.

सात महिन्यांनी इतकं टिकणं ही खरं तर शाबासकीची गोष्ट आहे. पुनरुज्जीवनाचं कसब वापरात नसेल तर काही महिन्यांत ओसरतं, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे ते टिकलं होतं. बाहुलीवर.

त्याच काळातले निरीक्षकांचे कागद मात्र असं सांगत होते: सक्शन केलेल्या आणि पिशवीने हवा दिलेल्या बाळांचं प्रमाण बदललं नाही. आणि चोळून उत्तेजन देण्याचं प्रमाण, जे अभ्यासक्रमातलं सगळ्यात सोपं, बिनसाधनाचं, पहिलं पाऊल आहे, ते प्रशिक्षणानंतर कमी झालं.

म्हणजे शिकले, पण केलं नाही. २०१३ मध्ये हा निष्कर्ष छापून आला, तोही स्वच्छ शब्दांत. असं लिहायला धाडस लागतं. स्वतः राबवलेल्या प्रशिक्षणाबद्दल 'परीक्षेत सुधारणा, कामात नाही' असं लिहून देणारे लोक मी फार पाहिलेले नाहीत.

कुठे उभं राहून बघता

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि शेवटी परिणाम बदलला का. वैद्यकशिक्षणात जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये जवळपास हेच वेगळ्या चढणीने सांगितलं: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्षात करतो. शेवटच्या दोन पायऱ्यांमधली फट कागदावर बोटभर दिसते. हायडममध्ये ती एका भिंतीएवढी होती: एका बाजूला सराव, दुसऱ्या बाजूला प्रसूती कक्ष.

पहिल्या पातळीबद्दल लवकर सांगून मोकळा होतो. दिवसाच्या शेवटी वाटलेला अभिप्राय फॉर्म मी स्वतः भरलाय आणि इतरांकडून भरूनही घेतलाय. लोकांच्या बॅगा खांद्याला लागलेल्या असतात. 'उत्तम'च्या रकान्यातून वरून खालपर्यंत एकच उभी रेघ येते, आणि कधी कधी ती रेघ 'सत्र कंटाळवाणं होतं का?' या उलट्या प्रश्नावरूनही तशीच खाली उतरते. त्या कागदावरून जेवण चांगलं होतं की नाही एवढं कळतं. आणि दुर्दैवाने, बहुसंख्य प्रशिक्षणांचं मूल्यमापन या कागदापाशी सुरू होऊन पूर्वचाचणी-उत्तरचाचणीपाशी संपतं.

हायडमच्या दुसऱ्या पातळीवरच्या आकड्यातही एक बारीक गोष्ट आहे, जी पटकन नजरेतून सुटते. आधी ३९, नंतर २७. जे १२ कमी आहेत ते कुठे गेले? बदली, रजा, रात्रपाळी, नोकरी सोडली, की परीक्षा टाळली? रुग्णालयात माणसं हलतात, यात नवल नाही. पण टक्केवारीची तुलना करताना खालची संख्या बदलली आहे हे विसरून चालत नाही. समजा, ते बाराही जण आले असते आणि सगळेच नापास झाले असते, तरी ३९ पैकी २० म्हणजे ५१ टक्के झाले असते. सुधारणा तरीही खरीच ठरते. हा असा 'वाईटात वाईट' हिशेब पाच मिनिटांत होतो आणि तो प्रत्येक उत्तरचाचणीच्या अहवालात असायला हवा, कारण तिथेही दुपारच्या चाचणीला सकाळपेक्षा कमी माणसं असतातच.

मग बाहुलीवरचं बाळापर्यंत का पोहोचलं नाही? पुढचं माझं वाचन आहे.

बाहुलीच्या परीक्षेत सिस्टरला ठाऊक असतं की हे बाळ रडणार नाही. खरी अडचण तिथेच आहे. कक्षात निर्णय घ्यायचा असतो तो याच प्रश्नाचा: हे बाळ आपणहून रडेल, की मी आता हात घालायचा? तिच्यासमोर एकच बाळ नसतं. वार पडायची असते, आईचा रक्तस्राव बघायचा असतो, शेजारच्या खाटेवरची बाई कळा देत असते. बाहुलीच्या प्रसंगात 'तयारी करा' असं म्हटलं की सगळं टेबलावर असतं. प्रत्यक्षात मास्क धुवायला गेलेला असतो. शिवाय वर्षानुवर्षांची हाताची सवय असते, आणि बाजूला उभी असलेली ज्येष्ठ सिस्टर त्याच सवयीची असते. एका दिवसात कसब शिकवता येतं. शेजारणीसमोर वेगळं वागायचा आत्मविश्वास त्या दिवसात बसत नाही.

आणखी एक ढोबळ हिशेब करू. त्या सुमारास तिथे वर्षाला साडेतीनशेच्या आसपास बाळांना पिशवीने हवा दिली जात होती. चाळीसेक कर्मचाऱ्यांमध्ये ती सारखी वाटली तरी एकेकीच्या वाट्याला वर्षाला नऊ. महिन्याला एकसुद्धा नाही. ज्या कामात अर्ध्या मिनिटाला किंमत आहे ते काम पाच-सहा आठवड्यांतून एकदा, अचानक, बहुधा मध्यरात्री. हे कसब नुसत्या अनुभवाने धारदार राहणं शक्यच नाही. सरावाची सोय नेमकी याच वेळापत्रकाकडे बघून करावी लागते, आणि एक दिवसाचा वर्ग वर्षातून एकदाच येतो.

पाच मिनिटं

फेब्रुवारी २०११ पासून रुग्णालयाने पद्धत बदलली. नवा अभ्यासक्रम आणला नाही, नवं यंत्र आणलं नाही. तीच बाहुली, तीच पिशवी, तीच पावलं. फक्त सराव प्रसूती विभागातच, कामाच्या जागी, दर आठवड्याला, ३ ते ५ मिनिटांचा.

वेळेचं गणित बघा. आठवड्याला ३ ते ५ मिनिटं म्हणजे ५२ आठवडे एकही न चुकवता अडीच ते साडेचार तासांच्या आत. एक दिवसाच्या वर्गापेक्षा कमी! प्रशिक्षणाच्या तासांवर अनुदान मोजणाऱ्या कुणालाही हे पटवून देणं अवघड आहे, कारण तासांच्या रकान्यात ही घट दिसते. शिवाय प्रमाणपत्र नाही, भोजन नाही, प्रवासभत्ता नाही.

निरीक्षक आपल्या जागी होतेच. एस्तोमिह म्दुमा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक वर्ष आधीचं (फेब्रुवारी २०१० ते जानेवारी २०११) आणि एक वर्ष नंतरचं (फेब्रुवारी २०११ ते जानेवारी २०१२) समोरासमोर ठेवलं. आधीच्या वर्षात ४,८९४ बाळंतपणं, नंतरच्या वर्षात ४,८१४. चोळून उत्तेजन दिलेली बाळं ७१२ वरून ७८५, म्हणजे १४.५ टक्क्यांवरून १६.३ टक्के. सक्शन ६३४ वरून ७६२, म्हणजे १३.० वरून १५.८ टक्के. पिशवी आणि मास्कने हवा दिलेली बाळं ३५७ वरून २८३ वर आली, ७.३ वरून ५.९ टक्के. आणि पहिल्या २४ तासांतले मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२.

इथे तारखांकडे नीट बघावं. एक दिवसाचा वर्ग एप्रिल २०१० मध्ये झाला, म्हणजे तो या तुलनेतल्या 'आधीच्या' वर्षातच आला. ही तुलना 'प्रशिक्षण नाही' विरुद्ध 'प्रशिक्षण आहे' अशी नाही. बहुतांशी ती 'वर्ग' विरुद्ध 'वर्ग अधिक दर आठवड्याचा सराव' अशी आहे. मला हे प्रकरण मोलाचं वाटतं ते यामुळे.

पिशवीचा आकडा घटला, आता काय म्हणायचं?

वरच्या आकड्यांत एक आकडा असा आहे की तो एकटा वाचला तर कपाळाला हात लावावा. मास्कने हवा देणं हा अभ्यासक्रमाचा गाभा. आठवड्याच्या सरावात बाहुलीवर घडत होतं तेही बहुतांशी हेच. आणि सरावानंतर प्रत्यक्षात ते ७४ बाळांनी कमी झालं! 'शिकवलं ते किती वेळा केलं' एवढाच निर्देशक ठेवला असता, तर हा कार्यक्रम नापास होऊन बंद पडला असता.

पण लवकर पुसलेलं, चोळलेलं बाळ बऱ्याचदा तेवढ्यानेच श्वास घेतं आणि त्याला पिशवीची गरजच पडत नाही. तसं झालं असेल तर वापर घटणं ही सुधारणा आहे. उलट सिस्टर बिचकून पिशवी उचलतच नसतील, तरीही आकडा असाच घटेल. दोन्ही शक्यता एकाच टक्केवारीत बसतात. त्यातली कुठली खरी, हे सांगायला शेजारचे आकडे लागतात: उत्तेजन वाढलं, मृत्यू कमी झाले, म्हणून पहिलं वाचन जास्त पटतं. मृत्यू वाढले असते तर त्याच ५.९ टक्क्यांचा अर्थ उलटा लागला असता.

टांझानियातल्याच ८ रुग्णालयांच्या एका मोठ्या अभ्यासातही, जो २०१३ मध्ये आला, हाच नमुना दिसतो: उत्तेजन ४७ टक्क्यांवरून ८८ टक्के, मास्कने हवा देणं ८.२ वरून ५.२ टक्के, २४ तासांतले मृत्यू हजारी १३.४ वरून ७.१, आणि नुकतीच मृत (म्हणजे बाळंतपणाच्या सुमारास दगावलेली) जन्मलेली म्हणून नोंदलेली बाळं हजारी १९.० वरून १४.४. दिशा तीच. मात्र उत्तेजनाचे आकडे बघा: तिथे ४७ आणि ८८, हायडममध्ये १४.५ आणि १६.३. सिस्टरच्या कौशल्यात इतकी दरी असेल यावर माझा विश्वास नाही. एका ठिकाणी पुसताना झालेलं चोळणं 'उत्तेजन' म्हणून धरलं असावं आणि दुसऱ्या ठिकाणी नसावं, असं मला वाटतं. म्हणून दोन ठिकाणच्या टक्क्यांची थेट तुलना मी करणार नाही. एकाच ठिकाणी, त्याच नोंदकांनी, त्याच व्याख्येने मोजलेला फरक तेवढा धरीन.

हजारी ११.१ ते ७.२, किती भरवशाचे?

टक्के आणि हजारी सोडून बाळं मोजू. ४,८९४ मध्ये हजारी ११.१ म्हणजे साधारण ५४ बाळं. ४,८१४ मध्ये हजारी ७.२ म्हणजे साधारण ३५. फरक एकोणीस-वीस बाळांचा. सांख्यिकी कसोटीत तो पास होतो, पण काठावर: पी मूल्य, म्हणजे इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, ०.०४० आहे आणि ०.०५ च्या खाली असेल तरच फरकाला 'लक्षणीय' म्हणतात. दुसऱ्या वर्षात आणखी एक-दोन बाळं गेली असती, तर 'लक्षणीय' हा शब्द लेखातून काढावा लागला असता. अशा ठिकाणी माझं मन 'पूर्णविराम' म्हणत नाही, 'बहुधा' म्हणतं.

दुसरी अडचण अशी की तुलनेला दुसरं रुग्णालय नव्हतं. आधी आणि नंतर, एवढंच. मधल्या काळात कक्षात एखादी हुशार प्रमुख सिस्टर आली, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकण्याची पद्धत सुधारली, अवघड बाळंतपणं वेळेत सिझेरियनला जाऊ लागली, तर त्याचंही श्रेय बाहुलीच्या खात्यात जमा होईल. हा दोष आधी-नंतरच्या प्रत्येक अभ्यासात असतो. एक शंका मात्र इथे बरीच सैल पडते. कुणी बघत असलं की माणूस नीट वागतो, म्हणून सुधारणा दिसते, असा आक्षेप नेहमी येतो. निरीक्षक दोन्ही वर्षं होते. बघणारा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे त्याच्या धाकाचा परिणामही दोन्हीकडे धरावा लागतो.

तिसरी अडचण जास्त खोल आहे आणि ती फक्त हायडमची नाही. मेलेलं बाळ कुठल्या रकान्यात लिहिलं जातं? जन्मतः हालचाल नाही, श्वास नाही, कुणी ठोके तपासले नाहीत, तर ते 'मृत जन्मलं' म्हणून नोंदलं जातं. त्यातली काही बाळं प्रत्यक्षात जिवंत असतात, हृदय मंद चाललेलं असतं. प्रशिक्षित सिस्टर अशा बाळाला हवा देते. ते जगलं तर उत्तमच. पण सहा तासांनी गेलं, तर ते 'मृत जन्म' या रकान्यातून उठून 'नवजात मृत्यू' या रकान्यात जातं. म्हणजे सिस्टरने बरोबर केलं आणि रुग्णालयाचा नवजात मृत्युदर वाढला! कर्नाटकात बेळगाव परिसरात याच अभ्यासक्रमाने ५९९ जणांना शिकवल्यानंतर मृत जन्म ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले आणि नुकतेच मृत म्हणून नोंदलेले १.७ वरून ०.९ टक्क्यांवर. नवजात मृत्युदर मात्र हलला नाही. एकच रकाना बघणारा म्हणेल, काही झालं नाही. दोन्ही रकान्यांची बेरीज करणाऱ्याला वाचलेली बाळं दिसतील. पुनरुज्जीवनाच्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायचं असेल आणि नोंदवहीतून फक्त नवजात मृत्यू उचलले असतील, तर तो अहवाल माझ्या मते वाचायला घेऊच नये.

आणि हेही सांगायला हवं की हा अभ्यासक्रम नेला तिथे प्रत्येक ठिकाणी मृत्यू कमी झाले असं नाही. बेळगाव, नागपूर आणि केनियातलं एल्डोरेट या तीन ठिकाणी मिळून, रुग्णालयापुरतं न पाहता सगळ्या परिसरातल्या जन्मांवर मोजलं, तेव्हा एकसारखी घट दिसली नाही. रुग्णालयातल्या सिस्टरचे हात सुधारले तरी घरी झालेलं बाळंतपण, वाटेत झालेलं बाळंतपण, उशिरा आलेली आई हे सगळं मोजमापात येतं. मोजण्याचं वर्तुळ मोठं केलं की प्रशिक्षणाचा वाटा त्यात विरघळतो.

दुसरीकडे करायचं तर

हायडमचं सगळं काही उचलता येणार नाही. दिवसरात्र निरीक्षक ठेवणं हा संशोधनाच्या पैशाचा खेळ आहे. साध्या रुग्णालयाला महिनाभराची नोंद परवडेल, किंवा दर महिन्यातले ठरावीक दिवस. चालेल. पण ती प्रशिक्षणाच्या आधी सुरू झाली पाहिजे, यावर मी अडून बसेन. नंतर नेमलेला निरीक्षक फक्त 'आता चांगलं चाललंय' एवढंच सांगू शकतो.

मोजायचा आकडा एकच निवडायला सांगितला, तर मी मृत्युदर निवडणार नाही. वर्षाला पाच हजार बाळंतपणं असूनही हायडमचा निकाल काठावर पास झाला. वर्षाला पाचशे बाळंतपणं असलेल्या ठिकाणी मृत्यूंचा चढउतार निव्वळ योगायोगाचा असेल, आणि एखाद्या वाईट महिन्यानंतर चांगला कार्यक्रम बंद पडेल. मी निवडीन तो आकडा वेळेचा: जी बाळं रडली नाहीत, त्यांना पहिली हवा किती सेकंदांनी मिळाली. तो दर आठवड्याला बघता येतो, त्यात सिस्टरचा हात दिसतो, आणि तो बाळाच्या जगण्याशी जोडलेला आहे हे हायडमच्याच नोंदींनी दाखवून दिलंय.

सरावाचीही नोंद हवी, आणि ती हजेरीपटापेक्षा वेगळी हवी. या आठवड्यात बाहुली कुणी हातात घेतली, कुणी घेतली नाही. आठवड्याचा सराव कागदावर चालू राहतो आणि प्रत्यक्षात त्याच चार उत्साही सिस्टर दर वेळी तो करतात, रात्रपाळीची कायम राहून जाते. मग परिणाम दिसला नाही तर आपण म्हणतो, पद्धत चालत नाही. खरं तर ती पद्धत त्या विभागात झालेलीच नसते. औषध चाललं नाही म्हणण्याआधी रोग्याने गोळी घेतली का, हे प्रत्येक डॉक्टर विचारतो. प्रशिक्षणाच्या बाबतीत तोच डॉक्टर हा प्रश्न विसरतो.

बाहुली कुठे ठेवली आहे, हेही मी विचारतो. कुठल्याही विभागात मूल्यमापनाला गेलो की आधी तेच बघतो. ती कार्यालयाच्या कपाटात कुलपात असेल आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे असेल, तर पुढचे आकडे न बघताही मला बरंच कळतं. प्रसूती टेबलापासून दहा पावलांवर, पाणी भरून, मास्कवर बोटांचे ठसे उमटलेली अशी सापडली, तर मी वही उघडतो आणि रात्रपाळीच्या सिस्टरला विचारतो की शेवटचा सराव तिने कधी केला.